दोरीची दोन टोके

आदिलाबादहून किनवटमार्गे माहूरला दत्तदर्शनासाठी जाणारी मंडळी आपल्या भागात घरोघर आढळतात. त्यांनी आणलेली दत्तात्रेयांची तसबीर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मागे गाय उभी आहे आणि पायांशी चार कुत्री आहेत. त्या कुत्र्यांच्या गळ्यात चित्रकार सहसा साखळी काढीत नाही. ती आपखुशीने तिथे आलेली असतात आणि आपखुशीने थांबलेली असतात.

आपण मात्र संसारी माणसे. आपल्या दारावरून मोटारी धावतात, गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि कापसाचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीच्या वाटेवर भरलेल्या गाड्यांची रांग लागते. अशा ठिकाणी कुत्रे पाळावयाचे म्हणजे त्याच्या गळ्यात पट्टा आणि आपल्या हातात दोरी ही आलीच. प्रश्न एवढाच, की जे पिल्लू मुळातच भित्रे आहे, ज्याला माणसाच्या हाताचीही धास्ती वाटते, त्याला ही दोरी मान्य कशी व्हावी? या प्रश्नाचे उत्तर मी आधी चुकीचे दिले आणि मग शिकलो. म्हणून ती चूकच प्रथम सांगतो.

एका हिवाळ्यात आमच्या गल्लीतले सुमारे चार महिन्यांचे एक पिल्लू आम्ही घरी आणले. आदिलाबादची थंडी आपणांस ठाऊकच आहे. गोणपाटावर कुडकुडत पडलेले ते पोर पाहून कोणालाही दया आली असती. घरात ते आठवडाभर कोपऱ्यात बसून राहिले. दिलेले अन्न ते खाई, पण आम्ही पाठ फिरवल्यावर. एके सकाळी मी बाजारातून पट्टा आणि साखळी आणली, त्याच्या गळ्यात अडकवली आणि त्याला फिरावयास घेऊन निघालो. निघालो असे म्हणतो, पण निघालो मी एकटाच. पिल्लाने चारी पाय रोवले. मी ओढले, तसे ते जमिनीला चिकटले. मी आणखी ओढले, तेव्हा भीतीने त्याचे मूत्र सुटले, आणि पुढच्याच क्षणी मान मागे खेचून ते पट्ट्यातून निसटले व थेट मोठ्या रस्त्याकडे धावले. एका मालमोटारीच्या चालकाने वेळीच गाडी थांबवली, एवढेच आमचे नशीब. पुढे दोन दिवस ते ओट्याखालून बाहेर आले नाही. माझ्या हातात रिकामी साखळी राहिली होती, आणि माझी पावले ऐकली की ते आणखी आत सरके.

त्या वेळी मी त्याला हट्टी म्हटले होते. आज तो शब्द मी मागे घेतो. हट्ट वेगळा आणि भीती वेगळी. हट्ट करणारे पिल्लू दोरी तोंडात धरून खेळते, उड्या मारते, आपल्याला आव्हान देते. भ्यालेले पिल्लू शेपूट पायांत घालते, कान मागे पाडते, पुन्हा पुन्हा ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभया देते, आणि जागच्या जागी थिजते. सर्वांत सोपी खूण अन्नाची. एरवी आवडीने खाल्ला जाणारा घास नाकाशी धरला असताही ते तोंड फिरवील, तर ते घाबरलेले आहे असे बहुधा समजावे. अशा वेळी केलेली शिक्षा त्याला शिस्त शिकवीत नाही. आपण भीत होतो ते योग्यच होते, एवढेच शिकवते.

पिल्लू इतके भित्रे का होते? अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचे निरीक्षण केले आणि 1965 साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाचे दार उघडे असण्याचा काळ होय, असे त्यांना आढळले. या काळात ज्या माणसांशी, आवाजांशी आणि वस्तूंशी त्याचा सुखाचा परिचय होतो, ती त्याला पुढे आपली वाटतात. ज्यांच्याशी परिचय होत नाही, ती परकी राहतात. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाच्या वाट्याला या दिवसांत पुष्कळदा दगड आणि काठीच येते. मात्र ते दार मागाहून पुरते बंद होते असे नाही. ते जड होते, आणि ढकलण्याऐवजी हळूहळू उघडावे लागते.

ओढण्याचा परिणाम उलटा का होतो, याचा एक बोधप्रद दाखला रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत मिळतो. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल 1904 साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या पावलोव्ह यांचे नाव घंटा आणि कुत्रा यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्याकडील एक कुत्रा प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी बांधला की शांत राहीच ना. सारखा धडपडे आणि लाळ गाळी. बंधनाला विरोध करण्याच्या या उपजत प्रवृत्तीला पावलोव्ह यांनी स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया असे नाव दिले. त्यांनी त्या कुत्र्याला मारले नाही आणि पट्टे अधिक आवळलेही नाहीत. त्याचे जेवण त्याच चौकटीत देण्यास त्यांनी प्रारंभ केला. प्रथम तो नीट खाईना. पण काळ गेला तसा त्याचा विरोध मावळत गेला. जी जागा बंधनाची होती, ती अन्नाची झाली.

रशियापर्यंत जाण्याची मला तशी गरज नव्हती. जैनदकडील एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे येत असत. ओट्याखाली दडलेले पिल्लू आणि माझा उतरलेला चेहरा पाहून ते म्हणाले, “गुरुजी, गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी नांगराला जुंपते काय?” ते पुढे काही बोलले नाहीत, पण मला तेवढे पुरे होते. आपल्या शेतकऱ्याची रीत आठवून पाहा. तो गोऱ्ह्याला आधी दाव्याची सवय करतो, मग मानेवर नुसते जू ठेवतो. जोडीला जुना, शांत बैल देतो. मऊ रानात हलका ओंडका ओढावयास लावतो, आणि तो थकण्यापूर्वीच सोडतो. वर्षभर राबलेला खांदा पोळ्याच्या वेळी तुपाहळदीने चोळण्याची रीतही त्याच समजुतीतून आलेली आहे. बैलाबाबत आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेले शहाणपण कुत्र्याबाबत आपण विसरतो.

मग मी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. त्याचा क्रम असा.

पहिल्या पायरीवर दोरी नव्हतीच. पट्टा जेवणाच्या थाळीशेजारी नुसता ठेवला. त्याचा वास घेऊन पिल्लू जेवू लागले, तेव्हा जेवणापुरता तो गळ्यात घातला आणि जेवण संपताच काढला. पट्टा इतकाच सैल असावा की मान आणि पट्टा यांमध्ये आपली दोन बोटे सहज जावीत. चार-पाच दिवसांनी पट्टा दिसला की ते शेपूट हलवू लागले. कारण पट्ट्यामागून अन्न येते हे त्याला कळले होते.

दुसऱ्या पायरीवर पट्ट्याला हातभर हलकी सुतळी बांधली आणि ती घरातच मोकळी लोळू दिली. ती कशात अडकू नये म्हणून या वेळी पिल्लावर सतत नजर ठेवावी लागते. एकटे असताना सुतळी ठेवू नये. तिसऱ्या पायरीवर सुतळीचे टोक मी हातात धरले, पण चालवले पिल्लाने. ते जिकडे जाई, तिकडे मी जाई. मधूनच मी खाली बसे, हळू हाक मारी, आणि ते आपणहून आले की उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा देई. दोरी ताणली गेली तर मी ओढीत नसे, थांबत असे. ते एक पाऊल माझ्याकडे आले की ताण आपोआप सुटे, आणि घासही मिळे. ताण कसा सुटतो हे त्याने स्वतःच शोधून काढले.

त्यानंतर अंगण, मग फाटकाची आतली बाजू, मग फाटक उघडे ठेवून उंबऱ्याशी बसणे, मग पहाटेच्या शांततेत गल्लीतली दहा पावले. प्रत्येक वेळ पाच-दहा मिनिटांची. नियम एकच: घास नाकारला गेला की समजावे, आपण एक पायरी जास्त चढलो, तत्काळ मागे फिरावे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाविषयी जे लिहिले, ते तत्त्वतः हेच होते. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवावयाचा आणि मुलाला सोसेल तसतसा थोडा थोडा जवळ आणावयाचा. शेवटी ते मूल सशाला कुरवाळू लागले. भीतीची वस्तू लहान करून आणि सुखाच्या सोबतीने भेटवावी, हे सूत्र मुलांना लागू पडते तसेच पिल्लांनाही.

साधनांविषयी थोडे सांगतो. मागे सरकून निसटणाऱ्या कुत्र्यासाठी गळपट्ट्यापेक्षा छातीभोवती बसणारा पट्टा बरा. त्याने गळ्याला हिसका बसत नाही आणि निसटणेही अवघड होते. दोरी पाच-सहा फूट लांब आणि वजनाला हलकी असावी. ओढताच आवळणारी साखळी भित्र्या कुत्र्याला कदापि घालू नये. दोरी लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. कांदा, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला अपायकारक आहेत. बक्षीस म्हणूनही ते नकोत. आपल्याकडील उन्हाळ्यात रस्ता तव्यासारखा तापतो. हाताची मागची बाजू काही क्षण रस्त्यावर टेकवून पाहावी, ती आपल्याला सोसवली नाही तर कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. दिवाळीत फटाके सुरू होण्यापूर्वीच फेरी उरकावी. आणि बाहेर नेण्याआधी पशुवैद्याकडून लसी टोचून घ्याव्यात. रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात देतात, आणि पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील तशा. घाबरलेला कुत्रा चावू शकतो. चावा बसला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दारात बांधून ठेवले की झाले. पुष्कळ घरी तसेच होते. भित्रे पिल्लू फिरावयास येत नाही, म्हणून बांधले जाते. बांधलेले असल्यामुळे त्याला जग दिसत नाही, आणि जग न दिसल्यामुळे ते अधिक भित्रे, अधिक चिडखोर होते. शेवटी दारावरून जाणाऱ्या पोराच्या पोटरीला दात लागतात आणि दोष कुत्र्याला मिळतो. आपल्या संसदेने 1960 साली केलेल्या प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात याचा स्पष्ट विचार आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावरास अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे, ही दोन्ही कृत्ये त्या कायद्याने क्रूरता मानली आहेत. फिरावयास नेणे ही आपली कृपा नसून ते आपले कर्तव्य आहे.

आमच्या पिल्लाला गल्लीच्या टोकापर्यंत येण्यास सुमारे दोन महिने लागले. मोठ्या रस्त्याकडे ते अद्याप येत नाही. मालमोटारीचा आवाज आला की थांबते आणि माझ्याकडे पाहते. मग आम्ही दोघे परत फिरतो. मला त्याचे वैषम्य वाटत नाही. पूर्वी ते घाबरले की माझ्यापासून दूर पळे. आता घाबरले की माझ्या पायांशी येऊन उभे राहते. दोरीच्या एका टोकाला त्याची मान असते आणि दुसऱ्या टोकाला माझा हात, मधली दोरी बहुतेक वेळ सैल असते. ती सैल राहावी एवढ्यासाठीच सगळे शिकावयाचे असते, आणि ते शिकणे दोन्ही टोकांना असते.