बिग ब्लॉकला हेड कोणते?

शेवरलेच्या ४५४ इंजिनात आठ सिलिंडर असतात आणि त्यांतल्या एकेकाचे आकारमान ९३० घनसेंटिमीटर भरते. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे अख्खे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे होते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ४५४ चा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पन्नास वेळा हवा ओढतो, आणि दर खेपेला ही हवा आत शिरायला सेकंदाचा शंभरावा भागही मिळत नाही. हवेची आत येण्याची आणि जळालेल्या वायूची बाहेर जाण्याची वाट सिलिंडर हेडमधून जाते. मिश्रण पेटते ती जागाही हेडच्याच पोटात असते. म्हणून जुने बिग ब्लॉक नव्याने बांधायला घेताना पिस्टन, कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर यांच्या आधी हेडचा निर्णय व्हावा लागतो.

अमेरिकी कंपन्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत आठ सिलिंडरांची व्ही आकाराची इंजिने लहान आणि मोठ्या अशा दोन सांगाड्यांत ओतली. त्यांतली मोठी ती बिग ब्लॉक. फोर्ड आणि क्रायसलर यांचीही अशी इंजिने होती, पण हेड निवडण्यातले बारकावे शेवरलेच्या ‘मार्क फोर’ घराण्यात सर्वांत स्पष्ट दिसतात. या घराण्याचा पूर्वज १९६३ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अचानक अवतरला आणि त्याने मुख्य शर्यतीआधीच्या दोन्ही पात्रता शर्यती जिंकल्या. कंपनी काहीच सांगेना, म्हणून पत्रकारांनी त्याला ‘मिस्टरी मोटर’ म्हटले. १९६५ मध्ये त्यातूनच ३९६ बाजारात आले, १९६६ मध्ये ४२७ आणि १९७० मध्ये ४५४. हे आकडे घनइंचांचे आहेत. ४५४ घनइंच म्हणजे सुमारे ७.४ लिटर.

या इंजिनाचे वेगळेपण हेडमध्येच आहे. शेवरलेच्या लहान इंजिनात सगळे व्हॉल्व्ह एका रांगेत, एकाच कोनात उभे असतात. मार्क फोरमध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह एका बाजूला कलतो, बाहेर टाकणारा दुसऱ्या बाजूला, आणि शिवाय दोघेही थोडे आडवे झुकतात. वरचे झाकण काढले की व्हॉल्व्हच्या दांड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या वाटेल त्या दिशेला दिसतात, म्हणून या हेडला ‘पॉर्क्युपाइन’ हे नाव पडले. याचा मोठा लाभ असा की व्हॉल्व्ह उघडता उघडता सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो आणि हवेला सभोवार मोकळी जागा मिळते. एक उणीवही या रचनेतूनच येते. हवा आत नेणारे पोर्ट जोडीजोडीने असतात. प्रत्येक जोडीतला एक पोर्ट सिलिंडरच्या मध्याकडे वळतो, तर दुसरा भिंतीकडे. दोघांची लांबी वेगळी आणि हवा वाहून नेण्याची क्षमताही वेगळी. चांगल्या हेडच्या कारागिराची बरीच मेहनत या डाव्या भावाला सुधारण्यात जाते.

पोर्टच्या आकारावरून कारखान्याच्या हेड्सचे तीन प्रकार पडतात. आयताकृती, म्हणजे रेक्टँग्युलर पोर्ट सर्वांत मोठा, सुमारे ३१५ ते ३२५ घनसेंटिमीटरचा. तो शर्यतीच्या आणि जास्त ताकदीच्या इंजिनांवर यायचा. लंबगोल, म्हणजे ओव्हल पोर्ट २५० च्या आसपास. नंतरच्या ट्रकांवर आलेला पीनट पोर्ट त्याहूनही चिमुकला, कारण ट्रकला कमी फेऱ्यांवर ओढ हवी असते. आयताकृती हेडमध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह २.१९ इंचांचा आणि लंबगोल हेडमध्ये बहुधा २.०६ इंचांचा असतो.

हौशी माणूस इथेच चुकतो. मोठे इंजिन, मोठी भूक, म्हणून मोठ्यात मोठा पोर्ट, असा हिशेब तो मांडतो. पण पोर्टमधून किती हवा जाऊ शकते एवढाच प्रश्न नसतो. ती किती वेगाने जाते, हेही तितकेच महत्त्वाचे असते. हवेला वजन आहे. पोर्टमधून वेगाने येणारा हवेचा लोंढा पिस्टन तळाला पोचून वर फिरला तरी थांबत नाही. व्हॉल्व्ह मिटेपर्यंत तो स्वतःच्या जोरावर सिलिंडरमध्ये घुसत राहतो. पोर्ट गरजेपेक्षा रुंद असला की हा वेग पडतो. मग कमी फेऱ्यांवर पिस्टन वर येताना आत आलेली हवा उलट बाहेर ढकलतो, कार्ब्युरेटरमधून आलेले पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून भिंतींना चिकटतात, आणि सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते. रस्त्यावरच्या गाडीचे बहुतेक आयुष्य २,००० ते ५,५०० फेऱ्यांत जाते. अशा ४५४ ला चांगला लंबगोल पोर्टच शोभतो. आजच्या अ‍ॅल्युमिनियम हेड्समध्ये लंबगोल पोर्टही वाढलेला आहे. एडेलब्रॉकच्या ‘परफॉर्मर आरपीएम’ मालिकेत तो २९० घनसेंटिमीटरचा मिळतो.

मोठा पोर्ट वाईट असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. ३२० घनसेंटिमीटरचा जो पोर्ट ३९६ ला सुस्त करतो, तोच साडेचार इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि सव्वाचार इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेल्या ५४० घनइंची इंजिनाला नेमका बसतो, कारण तिथे पिस्टन दर फेरीला कितीतरी जास्त हवा खेचतो. आधी इंजिनाचे आकारमान, मग ते कोणत्या फेऱ्यांवर राबणार, आणि त्यानंतर पोर्ट, हा क्रम उलटवला की पैसा वाया जातो.

हेड किती हवा सोडते, ते फ्लो बेंच नावाच्या यंत्रावर मोजतात. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर मिनिटाला किती घनफूट हवा गेली, हा तो आकडा. कार्यशाळांत एक ठोकताळा चालतो. हा आकडा गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडरांची संख्या केले की हेड किती अश्वशक्ती पेलू शकते, याचा अंदाज येतो. ३०० घनफूट सोडणारे हेड म्हणजे सुमारे ६१७ अश्वशक्तीची मर्यादा. ही मर्यादा आहे, हमी नव्हे. जाहिरातीत बहुधा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाचा आकडा मोठ्या टायपात असतो. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह त्या उंचीवर क्षणभरच पोचतो, आणि मधल्या उंचीवरून मात्र उघडताना एकदा व मिटताना एकदा असा दोनदा जातो. शहाणा खरेदीदार अर्ध्या उघड्या व्हॉल्व्हचे आकडे मागतो. तिथे वाढलेले थोडे घनफूटच रस्त्यावर जास्त उपयोगाचे असतात.

दुसरी मोठी बाब ज्वलनकक्षाची. सुरुवातीच्या क्लोज्ड चेंबर हेडमध्ये हा कक्ष सुमारे १०० ते १०९ घनसेंटिमीटरचा होता. १९६९ मध्ये शर्यतीच्या एल-८८ इंजिनासाठी कक्षाची भिंत व्हॉल्व्हपासून दूर नेली, आणि या ओपन चेंबरचे आकारमान १२० च्या जवळ गेले. हवा मोकळी झाली, पण कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, घसरले. हिशेब करून पाहता येतो. ४५४ वर सपाट पिस्टन आहे आणि गॅस्केट व वरची फट मिळून १५ घनसेंटिमीटर जागा आहे, असे धरा. १०० चा कक्ष असेल तर कॉम्प्रेशन रेशो येतो सुमारे ९.१. तेच पिस्टन ठेवून ११९ चा कक्ष बसवला की तो ७.९ वर येतो, आणि इंजिनाचा जीवच जातो. तो परत आणायचा तर घुमटाचे पिस्टन घ्यावे लागतात. इथे एक धोका आहे. ओपन चेंबरसाठी घडवलेला घुमट क्लोज्ड चेंबरच्या छतावर आदळतो. हेड ठरण्याआधी पिस्टन घेऊन ठेवणारे इथेच अडकतात.

धातूचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. बिडाचे एकेक हेड तीस किलोंच्या वर भरते, अ‍ॅल्युमिनियमचे जवळजवळ निम्मे, आणि ही बचत थेट पुढच्या चाकांवरून होते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते. त्यामुळे पंपावरच्या साध्या पेट्रोलवर नॉकिंग न होता कॉम्प्रेशन थोडे वर नेता येते. बीड टिकाऊ आणि स्वस्त, पण जुन्या हेडमध्ये शिशाच्या पेट्रोलचा वारसा असतो. शिसे व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर देऊन तिची झीज रोखायचे. बिनशिशाच्या पेट्रोलवर जुनी मऊ सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह खोल रुततो. म्हणून जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागतात. त्यासोबत नवे गाइड, नव्या स्प्रिंगा आणि घासकामाचा खर्च जोडला की ‘फुकट मिळालेले’ हेड नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या किमतीजवळ जाऊन पोचते.

ब्लॉक कोणत्या पिढीचा, हेही पाहावे लागते. १९९१ मध्ये मार्क फाइव्ह आले, १९९६ मध्ये मार्क सिक्स. त्यांच्या ब्लॉकच्या माथ्यावरची पाण्याची भोके मार्क फोरसारखी नाहीत. जुने हेड नव्या ब्लॉकवर योग्य गॅस्केटशिवाय चढवले, तर थंड ठेवणारे पाणी इंजिनाच्या तेलात उतरू शकते. बोअरचेही तसेच. ३९६ चा बोअर ४.०९४ इंचांचा. त्यावर मोठ्या व्हॉल्व्हचे हेड बसवले की व्हॉल्व्हची कड भिंतीला लगटते, मोठ्या व्हॉल्व्हचा लाभ तिथेच आटतो, आणि कधी बोअरच्या काठाला खाच पाडावी लागते.

हेड हाती आल्यावर छापील आकड्यावर विसंबू नये. ओतीव मालात फरक असतोच, आणि जुने हेड आधी कोणी घासले असेल तर कक्ष आणखी आक्रसलेला असतो. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटे ठेवतात, कक्षावर भोक पाडलेली पारदर्शक काच ग्रीसने चिकटवतात आणि ब्युरेटमधून रंगीत द्रव सोडतात. काचेखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्युरेटवरचा आकडा लिहून घ्यायचा. आठही कक्ष असे मोजून झाले की मग पिस्टनची ऑर्डर द्यायची.