बँडची कसोटी : मास्टर कृष्णराव आणि 'वंदे मातरम्'

आपल्या झाडीपट्टीत बँड म्हटला की वरात आठवते. आज आम्ही बोलणार आहोत ते राष्ट्रगीताच्या वादात कसोटी ठरलेल्या बँडबद्दल.

१९४७ साली न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी, आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांच्याजवळ 'जन गण मन'ची रेकॉर्ड होती. तिथल्या वाद्यवृंदाने तेच वाजवलं आणि ते आवडलं. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी संविधान सभेत हे सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची. ती लष्करी बँडला वाजवता आली पाहिजे. 'वंदे मातरम्' इथे अडतं, असा आक्षेप होता.

त्याला उत्तर द्यायला निघाले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, 'माणूस' आणि 'शेजारी'चे संगीतकार. आता अडचण काय होती बघा. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला आपण मींड म्हणतो. कॉर्नेटला तीन खटके. तिथे स्वर पायरीपायरीने निघतात. म्हणून चाल ठळक, उभ्या स्वरांची हवी. कृष्णरावांनी झिंझोटी निवडला. खमाज थाटातला हा राग साधासरळ, चारचौघांना मिळून म्हणता येण्याजोगा. ही चाल त्यांनी बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. वाजवता येत नाही, हा आक्षेप तिथे संपला.

तरीही २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं; 'वंदे मातरम्'ला समान सन्मान दिला. मग कृष्णराव हरले का? आम्हाला तसं वाटत नाही. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. वाजवता येतं का, हा एक. सगळ्यांना आपलं वाटेल का, हा दुसरा. पुढच्या कडव्यांतल्या देवीच्या उल्लेखांमुळे काँग्रेसने १९३७ सालीच पहिली दोन कडवी पुरे मानली होती. तो प्रश्न बँड कसा सोडवणार?

आणि खरी गंमत इथेच आहे. बँड शब्द वाजवत नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते आपोआप उमटतात, त्यांच्याबरोबर आठवणी येतात. कुणाला अभिमान वाटतो, कुणाला संकोच. बँडच्या देशभक्तिगीताची ओढ टिकते ती यामुळे. पितळ नुसतं दार उघडतं, आत जे असतं ते आपलंच.

येत्या २६ जानेवारीला मैदानावर बँड वाजेल, तेव्हा क्षणभर ओठ मिटून ऐका. मनात काय उमटतं, ते आपलं आपण तपासा. इथे थांबतो.