जाळी थेंब गाळत नाही, मग पकडते कशी?



पीएचडीच्या एका मुलाखतीत मला विचारलं होतं, "डेमिस्टर पॅड थेंब कसे अडवतं?" मी बिनधास्त सांगून टाकलं, "गाळणीसारखं, सर. वाफ निघून जाते, थेंब अडकतात." सरांनी एवढंच विचारलं, "जाळीचं भोक केवढं आणि थेंब केवढा?" मी गप्प. ती जागा काही मिळाली नाही. तुमची मुलाखत जवळ असेल तर हे नीट वाचा.

आधी आकडे

डेमिस्टर पॅड म्हणजे बारीक तारेची विणलेली जाळी, थरावर थर रचून केलेली गादी. तार साधारण ०.२८ मिलिमीटर, गादीची जाडी १०० ते १५० मिलिमीटर. त्यातली ९७-९८ टक्के जागा रिकामीच असते. भोकं काही मिलिमीटरची आणि थेंब १० मायक्रॉनचा. ५ मिलिमीटरच्या भोकातून असे ५०० थेंब एका ओळीत जातील! म्हणजे ही गाळणी नाहीच.

मग होतं काय?

डिसेंबरात पहाटे मोटारसायकलवर दारव्ह्याहून यवतमाळला निघा. धुकं असेल तर स्वेटरच्या बारीक लवेवर थेंबच थेंब दिसतात. हवा लोकरीच्या धाग्याला वळसा घालून जाते. थेंब हवेपेक्षा जड, त्याला तेवढं झटकन वळता येत नाही. तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो. धागा जितका बारीक, तितकं वळण तीव्र आणि थेंब चुकण्याची शक्यता जास्त. म्हणून जाळीला जाड सळई नाही, बारीक तार लागते.

हेच मोजायला स्टोक्स अंक वापरतात:

स्टोक्स अंक = (थेंबाची घनता × व्यास² × वेग) ÷ (१८ × वाफेची श्यानता × तारेचा व्यास)

१०० अंशाची वाफ, वेग सेकंदाला ४ मीटर आणि १० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब घेतला तर उत्तर साधारण ६.५ येतं. थेंब आदळणार. १ मायक्रॉनचा थेंब घेतला तर ०.०६५, म्हणजे तो वाफेबरोबर वळून निसटणार. व्यासाचा वर्ग आहे ना, म्हणून दहापट लहान थेंबाला शंभरपट फरक पडतो.

तारेवर आलेले थेंब एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि वर येणाऱ्या वाफेतून खाली पडतात.

वेग जास्त चांगला की कमी?

दोन्ही वाईट. फार कमी असेल तर थेंब आरामात वळून जातात. फार जास्त असेल तर खाली पडणारं पाणी वाफ पुन्हा वर उचलते, पॅड तुंबतं. वरची मर्यादा साउडर्स आणि ब्राउन यांच्या १९३४ च्या सूत्राने काढतात:

वेग = के × √((द्रवाची घनता − वाफेची घनता) ÷ वाफेची घनता)

तारेच्या जाळीसाठी के साधारण ०.१०७ मीटर प्रति सेकंद धरतात.

हे आपल्याकडे कुठे लागतं?

साखर कारखान्यात. आपल्या जिल्ह्यात उमरखेडजवळ पोफाळीला कारखाना आहे, तुम्हाला माहीत असेल. उसाचा रस इव्हॅपोरेटरच्या एकामागोमाग एक बॉडींमध्ये आटवतात. पहिल्या बॉडीच्या वाफेबरोबर रसाचे थेंब गेले, तर दुसऱ्या बॉडीत त्या वाफेचं जे पाणी होतं त्यात साखर उतरते. ते पाणी बॉयलरला गेलं की साखरेचं विघटन होऊन आम्ल तयार होतं आणि ट्यूब खराब होतात. शेवटच्या बॉडीतून गेलेले थेंब तर कंडेन्सरच्या पाण्यात जातात. ती साखर गेलीच समजा.

शेवटच्या बॉडीत व्हॅक्यूम असतो, उकळणं ५५ अंशाच्या आसपास. आता सूत्र लावू. सोपं जावं म्हणून द्रव पाणीच धरू. १०० अंशाला मर्यादा येते ४.३ मीटर प्रति सेकंद, ५५ अंशाला १०.४. वाटतं, वा, सोय झाली! पण १ किलो वाफ १०० अंशाला १.६७ घनमीटर जागा घेते, ५५ अंशाला जवळपास ९.६. आकारमान पावणेसहापट, वेगाची सूट फक्त अडीचपट. म्हणजे तेवढ्याच वाफेला सव्वादोन पटीहून जास्त क्षेत्रफळ हवं. शिवाय व्हॅक्यूममध्ये के आणखी कमी धरतात. शेवटच्या बॉडीत थेंब का निसटतात, ते इथे कळतं.

त्यातच घट्ट रस जाळीला चिकटतो, म्हणून ती धुण्याची सोय लागते. काही ठिकाणी जाळीऐवजी वाकड्या पत्र्यांचे कॅचर बसवतात. ते कमी तुंबतात, पण बारीक थेंब जास्त सोडतात.

जाता जाता

"गाळणीसारखं" ही उपमा चुकीची होती, पण माझी खरी चूक वेगळी होती. उपमा देण्याआधी मी दोन आकडे शेजारी ठेवून बघितले नाहीत. तुम्ही ते करा. आज तार ०.१५ मिलिमीटर धरून १ मायक्रॉनच्या थेंबाचा स्टोक्स अंक काढा आणि ठरवा, नुसती तार बारीक करून भागेल का?