वाटीची शस्त्रक्रिया झालेला कुत्रा म्हातारा होताना

पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी खोबणीतून बहुधा आतल्या बाजूला सरकते. या दोषाच्या 4 श्रेणी मानतात. शस्त्रक्रियेत खोबण खोल करतात, गरज पडल्यास नडगीच्या हाडावरचा उंचवटा कापून सरळ रेषेत बसवतात. वाटी जागेवर राहते. सांध्याची झीज मात्र चालूच राहते आणि वयाबरोबर जाणवू लागते. सकाळी उठताना पाय आखडतो, जिना नकोसा होतो. अचानक लंगडणे वाढले तर गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

सर्वांत मोठा उपाय म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे, आणि घरोघरी नेमका तोच राहून जातो: चहाबरोबरचे बिस्कीट, उरलेली चपाती. सांगलीत कृष्णाकाठची सपाट वाट अशा कुत्र्याला सोसते. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ नको. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, थंडीत जाड, उबदार अंथरूण द्यावे. माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयब्युप्रोफेन, देऊ नयेत. त्यांनी जीवही जाऊ शकतो. पशुवैद्यकाने दिलेले औषध दीर्घकाळ चालणार असेल, तर यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी अधूनमधून करावी. अशा तपासणीसाठी सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.