बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण : शिक्षकांची जबाबदारी

प्रस्तावना :
कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा हा जंगलाचा व विरळ वस्तीचा तालुका होय. गुंदसारख्या गावांच्या परिसरात वाड्या विखुरलेल्या आहेत. अशा भागातील अनेक मुलामुलींना पुढील शिक्षणासाठी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहावे लागते. आईवडील दूर असताना त्यांना रोज भेटणारा प्रौढ म्हणजे शिक्षक. अत्याचाराची शंका आल्यास या शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप :
केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात १२,४४७ बालकांच्या मुलाखती होत्या. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. सुमारे निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती ओळखीची वा विश्वासातील होती. बहुतेक बालकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. त्यामुळे ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढीच शिकवण अपुरी ठरते.

राजुरा प्रकरणाचा धडा :
वसतिगृहातील मुले किती असुरक्षित असू शकतात, हे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९ मध्ये दिसून आले. तेथील एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे तपासात पुढे आले. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रकार ठाऊक असूनही त्यांनी पोलिसांना कळविले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्यावरील खटला रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. माहिती असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. गप्प राहणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे, हा या निकालाचा अर्थ होय.

कायदा काय सांगतो?
लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात ‘पोक्सो’ हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ होय. म्हणजे अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थीही बालकच ठरतात. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड होतो. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही.

शिक्षकांनी काय करावे?
१) वर्गात वारंवार गैरहजर राहणे, एखाद्या व्यक्तीला टाळणे, सुटीत घरी किंवा वसतिगृहात परतण्यास घाबरणे अशा बदलांकडे लक्ष द्यावे. हे पुरावे नव्हेत, परंतु विचारपूस करण्यास पुरेसे कारण आहे.
२) मूल बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे. ‘तू आधी का सांगितले नाहीस?’ असे विचारू नये. उत्तर सुचविणारे प्रश्न टाळावेत.
३) ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘तुझी चूक नाही, मदत करू शकतील अशांनाच सांगेन’ असे सांगावे.
४) मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवावेत. स्वतः चौकशी करू नये, संशयितास समोरासमोर आणू नये.
५) पोलिसांना ११२ वर अथवा बालकांच्या मदतीसाठी १०९८ या क्रमांकावर कळवावे. पोलीस ठाणे दूर आहे, हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.
६) मुलाचे नाव सहकाऱ्यांतही चर्चेत येऊ देऊ नये.

मुलाला पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतील, ही भीती पालकांना असते. परंतु कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेता येतो, त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. ही माहिती शिक्षकांनी पालकांना आवर्जून द्यावी.

समारोप :
घराण्याची अब्रू, संस्थेचे नाव किंवा गावातील सलोखा यांसाठी प्रकरण आपापसांत मिटविले जाते, तेव्हा मूल पुन्हा त्याच व्यक्तीच्या हाती सापडते. गुन्हा सिद्ध करणे हे शिक्षकाचे काम नाही, तो कळविणे हे मात्र त्याचेच काम आहे. मोठ्या धैर्याने बोललेल्या मुलाचे म्हणणे पहिल्या प्रौढापाशीच अडून राहू नये, एवढी दक्षता प्रत्येक महाविद्यालयाने घेतली पाहिजे.