प्रकाशसंग्राही प्रथिनांची पुनर्रचना

हिंगोली जिल्ह्यात खरिपाच्या सोयाबीनवर पावसाळी दिवसांत प्रकाश सारखा पडत नाही. ढग सरला की प्रखर ऊन, ढग आला की छाया. न पेलणारी ऊर्जा पान उष्णतेच्या रूपाने टाकून देते. छाया आल्यावरही हे टाकणे काही काळ चालू राहते व तेवढा प्रकाश वाया जातो. या व्यवहारात प्रकाशसंग्राही प्रथिनांचा मोठा वाटा असतो. ‘संग्राही’ या शब्दावरून ती प्रकाश साठवितात असे मात्र समजू नये. ती ऊर्जा ग्रहण करून अभिक्रियाकेंद्राकडे पोचवितात.

पालकाच्या पानातील अशा प्रमुख प्रथिनाची सूक्ष्म रचना २००४ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या प्रत्येक एककात ‘अ’ प्रकारच्या हरितद्रव्याचे ८ व ‘ब’ प्रकारच्या हरितद्रव्याचे ६ रेणू, तसेच ४ कॅरोटिनॉइड असतात. अशी ३ एकके एकत्र नांदतात. परंतु पानात परस्परसदृश अनेक प्रथिने मिसळलेली असल्याने त्यांतील एकच शुद्ध रूपात वेगळे काढणे कठीण.

यावर तोड पुनर्योजित प्रथिनांनी निघाली. उष्णतेने विस्कटलेले प्रथिन रंगद्रव्यांसह पुन्हा जुळविता येते, हे प्लम्ली व श्मिट यांनी १९८७ मध्ये दाखविले. १९९० मध्ये पॉलसेन व सहकाऱ्यांनी वनस्पतीचे जनुक इ. कोलाय या जीवाणूत घालून तयार झालेले प्रथिन वापरले. हा जीवाणू हरितद्रव्य निर्माण करीत नसल्याने त्यात मिळते ते रंगद्रव्यहीन, न घडी पडलेले प्रथिन. ते प्रक्षालकाच्या द्रावणात पानातून काढलेल्या रंगद्रव्यांशी मिसळले की योग्य घडी घालून ती रंगद्रव्ये धारण करते.

ही पद्धती भाषाशास्त्रातील न्यूनतम युग्मासारखी आहे. ‘पान’ आणि ‘मान’ यांत एकच ध्वनी बदलतो, म्हणून अर्थभेदाचे कारण निर्विवादपणे त्या ध्वनीकडे जाते. तद्वत जनुकात एक बदल करून प्रथिनातील एकच अमिनो आम्ल पालटता येते. पहिल्या प्रकाशप्रणालीच्या काही प्रथिनांची प्रतिदीप्ती ७३० नॅनोमीटरच्या आसपास, दूरतांबड्या भागात आढळते. २००३ मध्ये मोरोसिनोट्टो व सहकाऱ्यांनी हरितद्रव्याला धरून ठेवणाऱ्या ॲस्परॅजिनाच्या जागी हिस्टिडीन ठेवले, तेव्हा हे वैशिष्ट्य नाहीसे झाले. एका अमिनो आम्लावर प्रकाशाचा रंग अवलंबून होता.

या साम्यास मर्यादाही आहे. शब्दाचा अर्थ वाक्यात निश्चित होतो, तसे प्रथिनाचे कार्य पटलात व शेजारच्या प्रथिनांच्या सहवासात घडते. द्रावणातील निष्कर्ष पानात पडताळून पाहावाच लागतो. शेतातील सुधारणा तर आणखी पुढची पायरी. २०२२ मध्ये अमेरिकेतील सोयाबीनमध्ये उत्पन्नवाढ नोंदली गेली, ती ही प्रथिने पालटून नव्हे, तर उष्णता टाकण्याचे नियमन करणारी जनुके वाढवून. पण नियमन जिथे घडते ते स्थान नेमके ओळखल्याशिवाय अशा प्रयत्नांना दिशा मिळत नाही, आणि ते ओळखण्याचे एक खात्रीचे साधन प्रयोगशाळेतील हे पुनर्रचित प्रथिन होय.