रडारला बांधी दिसते, दाणा नाही

भंडारा जिल्ह्यात ‘उपग्रहानं धान मोजलं’ असं म्हटलं की पहिली शंका येते ती आभाळाची. जुलै-ऑगस्टच्या ढगांतून वरून काय दिसणार? साध्या कॅमेऱ्यापुरती शंका रास्त आहे. रडार उपग्रह मात्र उजेडावर अवलंबून नसतो. तो स्वतः सूक्ष्मलहरी सोडतो आणि खालून परत आलेल्या लहरी नोंदवतो. युरोपच्या सेंटिनेल-1 ची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. इस्रोनं 2022 मध्ये सोडलेला ईओएस-04 त्याच पट्ट्यातला. या लहरींना ढग अडवत नाहीत, रात्रही नाही.

पिकाचा हिरवेपणा मोजला जातो, हाही गैरसमजच. रडारला रंग कळत नाही. पाणी आणि रोपांची ठेवण कळते. चिखलणीनंतर बांधीत पाणी साचलं की त्या सपाट पृष्ठभागावरून लहरी भलतीकडे निघून जातात आणि बांधी काळी उमटते. पऱ्हे रोवले, फुटवे आले, की लहरी पाण्यावर आणि खोडांवर आदळून उपग्रहाकडे परततात. बांधी उजळत जाते. निसव्याच्या सुमारास हा चढ थांबतो. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या या जिल्ह्यात हा क्रम फार कामाचा, कारण भरलेला तलाव काळाच राहतो, बांधी राहत नाही. रोवणी साधारण केव्हा झाली, पाऊस लांबल्यानं कुठे झालीच नाही, हेही त्यातून कळतं. रोवणी न करता थेट पेरलेल्या आवत्या धानाला मात्र हा काळा टप्पा नीट येत नाही, आणि तिथे हिशेब चुकू शकतो.

सर्वांत पक्का गैरसमज उताऱ्याचा. रडार क्विंटल सांगत नाही. दाणा भरतो निसव्यानंतर, आणि नेमका तेव्हाच रडारचा आलेख सपाटीला आलेला असतो. लोंबी पोचट की भरलेली, हे ओळखणं त्याला अवघड. बांधीत भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर आहे की दुसरा वाण, हेही तो एकटा सांगू शकत नाही. भारी धान उशिरा निसवतं, एवढाच काय तो सुगावा. म्हणून क्षेत्र आणि रोवणीचा काळ रडारकडून घेतात, त्याला हवामानाची आणि पीकवाढीच्या गणिताची जोड देतात, आणि शेतातल्या कापणी प्रयोगांशी ताडून पाहतात. पीक विम्यात केंद्रानं 2023 च्या खरिपापासून आणलेल्या ‘यस-टेक’ पद्धतीतही धानासाठी तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान 30 टक्के भार ठरवला. कापणी प्रयोग मोडीत काढले नाहीत.

‘माझी बांधी स्वतंत्र दिसते का?’ क्वचितच. सेंटिनेलच्या प्रतिमेतला एक ठिपका 10 मीटरचा, तोही खरखरीत. आजूबाजूचे ठिपके मिसळून सरासरी काढल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय एकच उपग्रह त्याच मार्गानं 12 दिवसांनी परततो. मधल्या काळात वादळानं धान लोळवलं, तर त्याची नोंद पुढच्या फेरीत होते, तीही एका बांधीची नव्हे, परिसराची.